मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर संडासची जागा अरुंद झाली : पुन्हा ऑपरेशन करावं का?

प्रश्न दारव्हा तालुक्यातून आला आहे. थोडक्यात असा : "माझे बाबा ५८ वर्षांचे, कोरडवाहू कास्तकार. तीन वर्षांपूर्वी बाजाराच्या गावी मूळव्याधीवर इंजेक्शनं घेतली. फरक पडला नाही म्हणून पुढे ऑपरेशन केलं. त्यानंतर सहा महिन्यांत संडास बारीक व्हायला लागली. आता रोज रात्री जुलाबाचं चूर्ण घेतल्याशिवाय होत नाही, खूप कुंथावं लागतं, रक्तही पडतं. एका डॉक्टरांनी भूल देऊन जागा ताणून मोठी केली. दोन महिने बरं वाटलं, मग आधीपेक्षा वाईट. आता दुसरे सर्जन म्हणतात, बाजूची चामडी आत सरकवून बसवावी लागेल. बाबा घाबरलेत. पुन्हा कापायचं का? संडासवर ताबा राहील का? की आणखी एकदा ताणून पाहायचं?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो. पुन्हा ताणू नका. एकदा भूल देऊन जोरात ताणलं आणि दोन महिन्यांत जागा परत आवळली, यातच तुमचं उत्तर आलं आहे. का ते नीट सांगतो, कारण हे बाबांना पटलं तरच ते पुढच्या ऑपरेशनला तयार होतील.

गुदमार्ग लांबीला जेमतेम चार सेंटिमीटर. त्याच्या बाहेरच्या भागाला आतून पातळ, लवचिक कातडीचं अस्तर असतं. संडास बाहेर येताना ते फाकतं, झाल्यावर मिटतं. मूळव्याधीचे कोंब काढताना या अस्तराचा काही भाग जातोच, त्याला इलाज नाही. म्हणून किती काढलं यापेक्षा किती राखलं याला महत्त्व असतं. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर रुग्ण पाठीवर झोपलेला असताना मुख्य कोंब ३, ७ आणि ११ वाजताच्या जागी असतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली मांडलेली पद्धत आपल्याकडे आजही सर्रास वापरतात. तिच्यात या तीन जागी तीन वेगळ्या जखमा होतात आणि दोन जखमांच्या मध्ये चांगल्या अस्तराची पट्टी सोडलेली असते. जखम भरताना नवं अस्तर या पट्ट्यांवरूनच पसरतं. पट्ट्या राहिल्या नाहीत, किंवा नको तितक्या बारीक राहिल्या, की तिन्ही जखमा एकमेकींना मिळतात आणि तिथे वणाचं गोल कडं तयार होतं. वणाचा स्वभावच आकसण्याचा. त्याआधी व्हाइटहेड नावाच्या सर्जननी १८८२ साली कोंबांचा सगळा घेरच गोल काढून टाकायची पद्धत सांगितली होती. तिच्यामागे जागा अरुंद होणं आणि आतलं ओलं अस्तर बाहेर लोंबणं इतकं दिसू लागलं, की बहुतेकांनी ती सोडून दिली.

म्हणजे तुमच्या बाबांच्या त्या जागी कातडी कमी पडते आहे. जोरात ताणल्याने कातडी वाढत नाही. वण फाटतो, काही दिवस जागा सैल वाटते, फाटलेली जागा पुन्हा वणानेच भरते आणि या वेळी वण आधीपेक्षा जाड असतो. शिवाय ताण कुठे लागेल हे हातात राहत नाही. वण टणक असतो, त्याच्याजवळचा ताबा ठेवणारा स्नायू मऊ असतो, आणि पुष्कळदा स्नायूच आधी फाटतो. ताबा जाण्याची भीती तुम्हाला नव्या ऑपरेशनची वाटते आहे. खरं तर ती या ताणण्याची वाटायला हवी.

सदरा काखेत तंग झाला तर शिंपी तो ओढून मोठा करत बसत नाही, उसवून तिथे कापडाचा वेगळा तुकडा जोडतो. दुसरे सर्जन तेच सुचवताहेत. वणाचं कडं एका किंवा दोन बाजूंनी उघडायचं आणि तिथे बाहेरची निरोगी कातडी तिच्या खालच्या चरबीसकट, रक्तपुरवठ्यासकट सरकवून शिवायची. याला ॲनोप्लास्टी म्हणतात.

पण त्याआधी तीन गोष्टींची खात्री झालेली असावी, आणि पत्रात त्यांचा उल्लेख नाही म्हणून सांगतो.

पहिली, हा खरोखर वण आहे की स्नायूचा आकस. गुदद्वाराला जुनी चीर असेल, ज्याला फिशर म्हणतात, तर दुखण्यामुळे आतला स्नायू सतत आवळून राहतो आणि जागा अरुंद झाल्यासारखी वाटते. दोन्हींत रुग्णाची तक्रार एकच, इलाज मात्र वेगळा. ओपीडीत हे कळेलच असं नाही, कारण दुखत असलेला माणूस बोट लावू देत नाही, आणि त्यासाठी जबरदस्तीही करू नये. भूल दिल्यावर आकस सैल पडतो आणि वण तसाच कडक राहतो. म्हणून शहाणा सर्जन ऑपरेशनचा बेत भूल दिल्यानंतरच्या तपासणीवर पक्का करतो.

दुसरी, रक्त. ५८ वर्षांचा माणूस, संडास बारीक, रक्त पडतं, चूर्णाशिवाय पोट साफ होत नाही. ही सगळी लक्षणं मूळव्याधीच्या ऑपरेशनशिवाय घेऊन एखादा रुग्ण आला असता तर मी आधी कॅन्सर शोधला असता. ऑपरेशनचा इतिहास आहे म्हणून ते शोधायचं सोडू नये. आपल्या भागात टीबीचाही विचार करावा लागतो. गुदमार्गाचा टीबी नेहमीचा नाही, पण जागा अरुंद करतो आणि त्यावर कातडी बसवली तर ती टिकत नाही. वणाचा छोटा तुकडा बायोप्सीला पाठवणं आणि दुर्बिणीने त्या जागेच्या वरचं मोठं आतडं पाहणं, एवढं झालंच पाहिजे. दुर्बीण अरुंद जागेतून जात नसेल तर लहान मुलांची पातळ दुर्बीण वापरतात, किंवा जागा मोकळी केल्यावर त्याच भुलीत पाहतात.

तिसरी, अरुंदपणा किती आणि किती उंचीवर आहे. याचं माप साधं आहे. तर्जनीला भरपूर जेली लावून ती सहज जात असेल तर सौम्य. जोर लावल्याशिवाय जात नसेल तर मध्यम. करंगळीही जात नसेल तर तीव्र. तर्जनी जाण्याइतकी जागा असणाऱ्याला बहुधा ऑपरेशन लागत नाही. संडास मऊ पण बांधलेली ठेवणं आणि घरी रोज डायलेटर हलक्या हाताने घालणं, यावर कित्येकांचं भागतं. डायलेटर म्हणजे गोल टोकाची, हळूहळू जाड होत जाणारी नळकांडी. हे रोजचं हलकं फाकवणं आणि भुलीखाली एकदाच जोरात ताणणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने वण मऊ राहतो, दुसऱ्याने फाटतो. तुमच्या वर्णनावरून बाबा मध्यम ते तीव्र गटात असावेत, म्हणजे डायलेटरची वेळ गेलेली. तरी हे हाताने तपासणाऱ्याने ठरवायचं, पत्रावरून मी नाही.

उंचीचं सांगतो, कारण हल्ली मूळव्याधीवर स्टेपलरची, म्हणजे यंत्राने पिना मारून करायची, ऑपरेशनं तालुक्यालाही होतात. १९९८ साली लाँगो या इटालियन सर्जननी प्रसिद्ध केलेली ही पद्धत. तिच्यानंतरचा अरुंदपणा वर, आतल्या ओल्या अस्तरात, पिनांच्या रेषेवर असतो. तिथे बाहेरची कातडी नेऊन बसवायची गरज नसते आणि ती पोचतही नाही. तो वण दुर्बिणीतून किंवा खालून दोन-तीन जागी छेदून मोकळा करतात. म्हणून बाबांचं ऑपरेशन नेमकं कोणत्या पद्धतीचं झालं, हे डिस्चार्ज कार्डावरून पाहाच.

आता चूर्णाबद्दल. अशा रुग्णांचं बोलणं पाठ झालंय, "चूर्ण घेतलं त पान्यावानी होते, नाही घेतलं त चार दिवस होतच नाही." बाजारातल्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. रोज पातळ झाली की गुदमार्गाला आतून फाकवणारं काही राहत नाही, आणि जो वण रोजच्या बांधलेल्या संडासने थोडाफार सैल राहिला असता तो आणखी आवळतो. माणूस आणखी चूर्ण घेतो. ज्यांना मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर "दुखू नये म्हणून पातळच होऊ द्या" असं सांगितलेलं असतं, त्यांची सुरुवात इथूनच होते. माझ्या मते ऑपरेशननंतरच्या सल्ल्यांतला हा सगळ्यात वाईट सल्ला आहे.

म्हणून आता लगेच चूर्ण बंद करून इसबगोल सुरू करायचं का? सौम्य असेल तर हो. करंगळीही जात नसेल तर मुळीच नाही. जाडसर बांधलेली संडास त्या भोकाशी अडकून बसेल आणि रात्री-बेरात्री गाडी करून पळावं लागेल. ऑपरेशन होईपर्यंत लॅक्टुलोजसारखं मऊ करणारं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, पाणी वाढवा. इसबगोल, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी हे सगळं जागा मोकळी झाल्यावर.

ऑपरेशनकडे येऊ. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. आदल्या रात्री किंवा सकाळी एनिमा, सुरुवातीला अँटिबायोटिकचा डोस. रुग्णाला पालथं किंवा पाय वर बांधून ठेवतात. आधी वणावर एका बाजूला उभा छेद, जागा नीट मोकळी होईपर्यंत. काही वेळा आतल्या स्नायूचा खालचा थोडा भागही वणाने धरलेला असतो, तो जपून सोडवावा लागतो. मग उघड्या पडलेल्या जागेत बसेल अशा आकाराचा कातडीचा तुकडा बाहेर आखायचा. याला फ्लॅप म्हणतात. आकार पुष्कळ आहेत. वाय-व्ही म्हणतात तो सर्वांत सोपा, पण त्याचं टोक निमुळतं असतं आणि नेमकं ते टोकच आत जातं. तिथे रक्त कमी पोचतं म्हणून ते मरण्याची शक्यता असते. बाहेरच्या बाजूच्या थोड्या अरुंदपणाला तो पुरतो. चौकटच्या आकाराचा डायमंड फ्लॅप आणि घराच्या आकाराचा हाउस फ्लॅप आतल्या टोकाला रुंद राहतात. वण लांबवर असेल तर मला हाउस फ्लॅप आवडतो. रुंद कातडी आत जाते आणि जिथून ती उचलली ती जागाही तिथल्या तिथे शिवून बंद होते. दुसरे सर्जन वेगळ्या आकाराला पसंती देतील, त्यावर वाद घालू नका. ज्याच्या हाताला जो बसला आहे तो त्याने करावा.

खरी कसोटी पुढे असते. तुकड्याच्या चारी बाजू कापल्या तरी त्याचा तळ खालच्या चरबीला जोडलेलाच ठेवायचा, कारण रक्त तिथूनच येतं. खालून खरवडून तो सुटा केला तर सरकतो छान, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळा पडतो. म्हणून बाजूची चरबी थोडी-थोडी सोडवत तो पुढे आणायचा आणि ओढ न देता जितका येईल तितकाच घ्यायचा. शिवण्याआधी मी नेहमी कडेकडे पाहतो. कड गुलाबी असावी, टोचल्यावर लाल रक्ताचा थेंब यावा. कड पांढरी दिसली तर ओढ आहे, टाका काढून आणखी सैल करायचं. आत विरघळणारे धागे वापरतात, टाके काढावे लागत नाहीत. एका बाजूने जागा पुरेशी मोकळी झाली तर तिथेच थांबतात. नाही तर समोरच्या बाजूलाही तसंच करतात.

ताब्याचं काय? ॲनोप्लास्टीत कातडी हलवतात, ताबा ठेवणारा मुख्य स्नायू जागेवर राहतो. पहिले काही आठवडे वारा आवरत नाही, संडासची घाई होते, हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं जातं. पण तुमच्या बाबांना एकदा जोरात ताणलेलं आहे आणि त्याआधी इंजेक्शनंही झाली आहेत. म्हणून स्नायू आधीच दुखावलेला आहे का हे पाहूनच पुढे जायला हवं. सर्जनला स्पष्ट विचारा. आताच जर कपड्याला डाग पडत असतील, वारा आवरत नसेल, तर लाज सोडून सांगा. अरुंद जागेमुळे कमजोर स्नायू झाकला जातो आणि जागा मोकळी केल्यावर तो उघडा पडतो. अशा वेळी स्नायूचा दाब मोजणारी तपासणी मोठ्या रुग्णालयात करून घेतलेली बरी.

इंजेक्शनांचं थोडं. "विनाऑपरेशन मूळव्याध मुळापासून" असे फलक आपल्या प्रत्येक बाजारगावात दिसतात. योग्य औषध, योग्य प्रमाणात, कोंबाच्या वरच्या भागात टोचणं ही डॉक्टरांची मान्य पद्धत आहे. पण नोंदणी नसलेल्या माणसाने अज्ञात जळजळीत द्रव्य टोचलं किंवा लेप लावला, तर ते अस्तरापुरतं थांबत नाही, स्नायूपर्यंत जाळत जातं. तो वण पुढच्या सर्जनला लाकडासारखा लागतो. अशाच काहींना पोटावर संडासची तात्पुरती वाट काढून मगच खालचं काम करावं लागतं. बाबांच्या इंजेक्शनांची चिठ्ठी नसणारच, पण कितीदा, कुठे टोचलं आणि नंतर जागा सडली होती का, एवढं आठवून सर्जनला सांगा. ऑपरेशन करणाऱ्यालाच सगळा दोष देऊ नका. आधीच वणाने भरलेल्या जागेत अस्तर राखायला जागा उरलेली नसते. कोंब सुजून चहूबाजूंनी बाहेर आलेले असताना घाईत ऑपरेशन करावं लागलं तरी हेच होतं. सुजेमुळे जास्तीची वाटणारी कातडी काढली जाते आणि सूज उतरल्यावर ती कमी पडते.

तयारीत आपल्या भागाच्या दोन गोष्टी. एक सिकल सेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडे, तो पुष्कळ कुटुंबांत आहे आणि कित्येकांना पन्नाशीपर्यंत माहीतच नसतं. भूल देण्याआधी ही साधी रक्ततपासणी मागून घ्या. ज्याला आजार आहे त्याला पाणी कमी पडू देणं, थंडी लागू देणं ऑपरेशनच्या वेळी महागात पडतं. दुसरी गोष्ट खर्रा. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि सरकवलेली कातडी जगते ती अशाच बारीक वाहिन्यांवर. निदान महिनाभर आधीपासून आणि जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. रुग्ण "सोडला जी" म्हणतात आणि उशीखाली पुडी सापडते, म्हणून हे काम घरच्यांनी अंगावर घ्यावं. शुगर असेल तर ती आवाक्यात हवी.

वेळ कधीची धरायची हे कास्तकाराच्या घरात विचारावंच लागतं. जखम भरायला साधारण तीन ते सहा आठवडे, आणि वाकून-बसून कामाला त्याहून थोडा जास्त काळ. पेरणीच्या तोंडावर किंवा कापूस वेचणीच्या ऐन हंगामात केलं तर बाबा आठव्या दिवशी वावरात दिसतील. कापूस घरात आल्यानंतरचे दिवस बरे. फक्त एप्रिल-मेची आग टाळता आली तर टाळा. घामाने जखम ओली राहते, पाणी कमी पडून संडास घट्ट होते. पण पोट फुगलं, वारा सरत नाही, उलट्या होताहेत, असं झालं तर हंगाम पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

ऑपरेशननंतर दोन-चार दिवस रुग्णालयात. पहिल्या रात्री लघवी अडू शकते, काही वेळ नळी लागते, घाबरण्यासारखं नाही. दिवसातून दोन-तीनदा आणि प्रत्येक संडासनंतर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायचं, मग कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. टब नसेल तर पसरट घमेलं चालतं, स्वच्छ असावं. पाण्यात तुरटी, डेटॉल, हळद काही घालू नका. एका कुशीवर झोपायचं, फ्लॅपवर भार देऊन तासन्‌तास बसायचं नाही, एसटीचा लांब प्रवास नाही. ठेचा, सावजी रस्सा काही आठवडे बाजूला. तिखटाने वण होत नाही, पण ताज्या जखमेवर आग होते आणि माणूस संडासला जायचं टाळतो. शिवणीचा एखादा टाका सुटून थोडी जागा उघडी पडणं पुष्कळांना होतं, ती आपोआप भरते. ताप आला, वाढतं दुखणं, घाण वास, कातडी काळपट दिसली, तर वाट न पाहता दाखवा.

बाबा घाबरलेत हे समजण्यासारखं आहे. दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा टेबलावर चढायला बिचकतोच. पण त्यांना "थोडं सहन करा" असं सांगत ठेवू नका. बायकांच्या बाबतीत तर हे फार होतं. सासू-सुनेच्या घरात संडासचं दुखणं कुणाला सांगायचं म्हणून त्या वर्षानुवर्षं अर्धपोटी राहतात आणि रक्त कमी झाल्याचं कळल्यावर दवाखान्यात येतात.

कुठे जायचं? हे ऑपरेशन रोज होणारं नाही. म्हणून ज्या सर्जननी सुचवलं त्यांना सरळ विचारा की तुम्ही हे करता का, कोणता फ्लॅप कराल, नाही जमलं तर पुढे काय. या प्रश्नांवर चिडणाऱ्याकडे न गेलेलं बरं. तुम्हाला जवळ यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय वर्धा जिल्ह्यात, त्यापुढे नागपूरचं मेडिकल. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा आणि भरती होण्याआधी जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला विचारा की हे ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं. भरती झाल्यानंतर विचारलं की कागदांची धावपळ होते. सोबत जुनं डिस्चार्ज कार्ड, ताणलं तेव्हाची चिठ्ठी, झालेल्या तपासण्यांचे रिपोर्ट आणि बाबा जे चूर्ण घेतात त्याचा डबा घ्या. डब्यावर घटक लिहिलेले नसतील तरी डबाच घेऊन जा.